खरकट्याचं वजन

सिग्नल लाल झाला म्हणून तिला ते दिसलं. हिरवा असता तर टॅक्सी सरळ निघून गेली असती आणि सोमवारी सकाळी, ठरल्याप्रमाणे, तिच्या नवऱ्याच्या पोटाला छोटंसं भोक पाडून आतड्यात नळी बसवली गेली असती. कारण नवरा जेवत नव्हता. गेले कित्येक महिने तो जेवत नाही हे त्या घरातलं सगळ्यात मोठं सत्य होतं. ऑपरेशनात अर्ध्याहून जास्त जठर काढून टाकलं, गाठ वेळेवर सापडली होती, सगळे सुटलो म्हणाले, आणि मग हा माणूस ताटासमोर बसून चार घास चिवडायचा आणि ताट पुढं सरकवायचा. आणि आता रस्त्याच्या पलीकडे, काचेची भिंत असलेल्या एका साध्याशा खाणावळीत, खिडकीलगतच्या टेबलाशी बसून तोच माणूस जेवत होता. तिला तो आधी ओळखूच आला नाही. शर्ट ओळखीचा होता, टक्कल ओळखीचं होतं, जेवणारा माणूस तेवढा अनोळखी होता. डावं कोपर टेबलावर, वर्तमानपत्र घडी घालून पाण्याच्या जगला टेकवलेलं, नजर बातमीवर, आणि हात आपला आपण ताटाकडे जाऊन येत होता. मासा होता, बटाटे होते, भात होता. मग त्यानं पाव तोडला, त्या तुकड्यानं ताट गोल पुसून घेतलं, तुकडा तोंडात टाकला, आणि पलीकडून जाणाऱ्या वाढपिणीला बोट वर करून आणखी भात मागितला.

"मॅडम, डावीकडे घेऊ का सरळ?" टॅक्सीवाल्यानं विचारलं.

"थांबा जरा."

"सिग्नल सुटला हो. मागचे बोंबलायला लागले."

"बोंबलू दे की! त्यांच्या बापाचा रस्ता आहे का?"

टॅक्सीवाल्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. चांगल्या घरातली, डॉक्टरीणबाई दिसते, असं त्याला ती बसली तेव्हा वाटलं असणार. ते मत त्यानं तिथल्या तिथं बदललं. मागून हॉर्नचा गदारोळ उठला. वाढपीण भात घेऊन आली. दार उघडून उतरावं, रस्ता ओलांडावा आणि त्याच्यासमोरची रिकामी खुर्ची ओढून बसावं, असं तिच्या मनात आलं. तिचा हात दाराच्या खटक्यावर गेलाही. पण आपण समोर बसलो की तो भात तसाच राहील, हे तिला कुणी न सांगता कळलं. कसं कळलं, ते तिनं स्वतःला विचारलं नाही. "सरळ घ्या," ती म्हणाली.

पहिल्यांदा आला तो राग. रागाशी तिची जुनी घसट होती. आयुष्यात तिला जे मिळालं ते रागानंच मिळवून दिलं होतं, त्यामुळं तो आला की तिला बरंच वाटायचं. लबाड, ती मनात म्हणाली. तोंडावर अन्नाची शिसारी आणि बाहेर भाताला दुसरा हात! पोटाच्या विकारांची आणि आजाऱ्याच्या आहाराची एवढी मोठी अभ्यासक ती, आत्ताही एका समितीवरून परत येत होती, जिथं कुणाला नळीनं भरवायचं आणि कुणाला हातानं याचे नियम ठरायचे आणि ती बोलायला लागली की बाकीचे पेन खाली ठेवायचे. आणि तिच्या घरात हे. दिव्याखाली अंधार, असं विभागातले लोक म्हणणार. ते म्हणणार याची तिला खात्री होती, कारण त्यांच्या जागी ती असती तर तिनं हेच म्हटलं असतं, आणि वर मोठ्यानं म्हटलं असतं.

पण टॅक्सी दोन चौक पुढं गेली आणि रागाच्या खालून दुसरंच काही वर यायला लागलं. त्याचं वजन. इतकं कमी खाऊनही अलीकडे त्याचं वजन उतरायचं थांबलं होतं. एखाद्या शेजारणीनं सांगितलं असतं, अहो, म्हणजे खात असेल कुठंतरी. पण शेजारणीला शरीरशास्त्र येत नव्हतं आणि हिला येत होतं. ताटात काय जातं आणि काय उरतं हे ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होती, तेवढ्यावर वजन टिकणं शक्य नव्हतं, तेव्हा जे टिकलं होतं ते मांस नव्हे, पाणी. उपाशी शरीरात पाणी साचतं आणि काटा फसतो. हे तिनं शेकडो विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. म्हणून एके संध्याकाळी त्याचा पाय मांडीवर घेऊन तिनं नडगी दाबून पाहिली. तिथं वळ होता. मोज्याचा वळ होता, कारण तो दुपारभर रस्त्यावर फिरून आला होता. पण ती नसताना तो एकटा घराबाहेर पडतो हेच तिला माहीत नव्हतं, आणि तिला त्या वळात सूज दिसली. तिला सूजच बघायची होती, असं आता टॅक्सीत बसून म्हणणं सोपं आहे. वजन टिकलं याचा आनंद तिला एक क्षणही झाला नाही, उलट धस्स झालं. आणि दुसऱ्याच दिवशी तिनं आपल्या जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. तो आता विभागप्रमुख होता, डाव्या हातानं पोटात दुर्बीण घालायचा, म्हणून तिनं त्याचं नाव डावखुरा ठेवलं होतं आणि तो पन्नाशीला आला तरी ते बदललं नव्हतं. डावखुऱ्यानं अंगठ्यानं नडगी दाबली, अंगठा बराच वेळ तसाच ठेवला. "मॅडम, मला तरी सूज लागत नाही," तो म्हणाला. "आणि रक्तातलं प्रथिनही चांगलं आहे सरांचं."

"रक्तातल्या प्रथिनावरून उपासमार ठरवायची नाही, हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच, मॅडम."

"मग? दुर्बिणी धरून धरून बोटं बधिर झालीत तुझी. आतड्यात नळी घालायची. कधी घेतोस?"

डावखुरा हसला. तिच्यासमोर सगळे असंच हसायचे, दात दाखवून आणि डोळे दुसरीकडे वळवून. "सरांना विचारलं का?" एवढंच तो म्हणाला. सरांना विचारलं होतं. सर वर्तमानपत्र वाचत होते आणि मान वर न करता म्हणाले होते, "चालेल." तेव्हा तिला समाधान वाटलं होतं, की चला, निदान इथं तरी हा माणूस शहाण्यासारखा वागला. त्या "चालेल"नं आता टॅक्सीत तिला घाम फोडला. जो माणूस भाताला दुसरा हात मारतो तो नळीला हो का म्हणेल? पोटाला भोक म्हणजे कान टोचणं नव्हे. ती प्रश्नाला चिकटून बसली आणि उत्तर येईना, आणि उत्तर येत नाही याचं कारण आपण त्या बाजूला बघतच नाही आहोत, असंही तिला पुसटसं वाटून गेलं.

तिनं खिडकीची काच खाली केली. बाहेर दुपार उतरत होती, एका दुकानासमोर माणसं पायरीवर बसून काहीबाही खात होती, आणि सवयीनं तिची नजर त्यांच्या हातांवर गेली. ही सवय तिला लागली ती वडिलांमुळं. ती शिकाऊ डॉक्टर होती तेव्हा वडील त्याच इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात, आतड्याच्या दुखण्यानं पडून होते. मोठमोठे डॉक्टर यायचे, पोट चाचपायचे, फोटो उजेडाला धरायचे. एकदा ती भलत्याच वेळी वर गेली आणि तिनं पाहिलं, की जेवणाचा ट्रे आणणारा ट्रे ठेवतो तो पायाशी असलेल्या टेबलावर, जिथं वडिलांचा हात पोचत नाही, आणि थोड्या वेळानं दुसराच कुणी येऊन तो तसाच उचलून नेतो. "आज आजोबांना भूक नाही वाटतं," तो म्हणाला आणि निघून गेला. वडील काही बोलले नाहीत. भिडस्त माणूस. "त्यांना कशाला त्रास," तिनं खूप विचारल्यावर ते म्हणाले. पुढं वडील वाळून वाळून गेले आणि कागदावर आतड्याचं दुखणं लिहिलं गेलं. ती मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली, की माझा बाप भुकेनं मेला, तुमच्या इस्पितळात, तुमच्या डोळ्यांदेखत. तो राग खरा होता. तिच्याजवळ जे काही चांगलं होतं त्यातलं सगळ्यात चांगलं ते होतं.

त्या रागातून ती खरकट्यापाशी आली. बाकीचे तरुण डॉक्टर दुर्बिणीवर तुटून पडत होते, माणसाच्या आत शिरून बघण्यात केवढा मान होता, आणि ही बाई ट्रॉलीपाशी काटा मांडून बसली. ट्रे जाताना वजन, ट्रे येताना वजन. कोमट वाटाण्यांचा वास, साय धरलेलं सूप, अर्धवट चावून बाजूला ठेवलेला मांसाचा तुकडा, रुमालाखाली लपवलेलं अंडं. तिचे त्या वेळचे प्रमुख भर बैठकीत म्हणाले होते, "खरकटं मोजायला डॉक्टर कशाला लागतो? भांडीवाली बाई पुरे की!" सगळे खो खो हसले. तिचं नाव पडलं तागडी. तागडी आली रे, की वॉर्डातल्या परिचारिका तोंडं वाकडी करायच्या. तिनं कुणाला भीक घातली नाही. पांढरा कोट घालून ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहायची, कोण काय उचलतो, काय टाकतो, किती वेळ चावतो, सगळं टिपायची. आणि शेवटी तिनं जगाला दाखवून दिलं, की इस्पितळातले आजारी ताटातलं जवळजवळ निम्मं परत पाठवतात आणि आपण त्यांना औषधं देऊन उपाशी मारतो. खळबळ उडाली. ट्रे हाताशी ठेवायचा नियम झाला, भरवायला माणसं नेमली गेली. तिच्यामुळं किती जीव वाचले याचा हिशोब कुणी केला नाही, पण वाचले, हे तिच्या वैऱ्यांनीही मान्य केलं. आणि वैरी तिला पुष्कळ होते.

त्यातल्याच एकाचा चेहरा आता टॅक्सीच्या काचेत येऊन बसला. परगावचा एक बुटका, गोड बोलणारा संशोधक. एका परिषदेत तो उठला आणि म्हणाला, बाईंचं काम थोरच आहे, पण आम्ही वजनं स्वयंपाकघरात केली, रुग्णांना कळू न देता, आणि आमचे रुग्ण पुष्कळ जास्त जेवले. तर खाटेशी उभं राहणाऱ्या माणसाचाही काही परिणाम होत असेल का? अगदी अदबीनं विचारलं होतं त्यानं. ती माइकपाशी गेली आणि म्हणाली, "हे गृहस्थ लाजेचा अभ्यास करताहेत. मी पोटाची डॉक्टर आहे." सभागृह हसून लोटपोट झालं. तो माणूस कागद गोळा करून खाली बसला आणि नंतर त्या परिषदेत कधी दिसला नाही. त्याचं चुकलंच होतं, तिनं आताही स्वतःला बजावलं. त्याचे रुग्ण वेगळे, त्याचं जेवण वेगळं, त्याच्या स्वयंपाकघरातल्या नोंदी ढिसाळ. माझ्या बापाकडे तर कुणीच बघत नव्हतं, म्हणून तो मेला. बघणारं कुणी असतं तर जगला असता. हे वाक्य तिनं आयुष्यभर वापरलं होतं आणि ते कधी दगा देत नसे. आज ते अर्ध्यावर येऊन थांबलं.

घरात तिनं काटा कधी आणला नाही, याचा तिला अभिमान होता. काट्याची गरजच नव्हती. नजर टाकली की तिला कळायचं. जेवायला बसली की तिचं स्वतःचं जेवण झपाट्यानं उरकायचं आणि मग ती हनुवटीखाली हात घेऊन समोरच्या ताटाकडे बघत राहायची. "आणखी एक घास." "ते का टाकलंस?" "नीट चाव." मुलगी लहानपणी कपाटाचं दार उघडं करून त्याच्या आड बसून खायची. मोठी झाल्यावर पहिल्या नोकरीतच वेगळी खोली घेऊन राहायला गेली, आणि आता दूरदेशाहून व्हिडिओवर बोलताना चुकून तिच्या गालात काही असलं तर आधी गिळून घ्यायची आणि मग "हॅलो आई" म्हणायची. नणंद तर येताजाता ऐकवायची. "वहिनी, दादा आमच्याकडे आला ना, की छान जेवतो हो," असं ती गेल्याच महिन्यात म्हणाली होती, आणि हिनं ते टोमणा म्हणून घेतलं. नणंदेची जात, टोमण्याशिवाय घास उतरत नाही, असं म्हणून वर डावखुऱ्याला हसत हसत सांगितलंही होतं. तो टोमणाच होता. पण टोमण्यात माहिती होती, आणि माहिती समोरून चालत आलेली असताना हिनं, जी दुसऱ्यांच्या शोधनिबंधातली एकेक ओळ उसवून काढायची तिनं, ती हातासरशी झटकून टाकली होती.

ती घरी आली तेव्हा तो आरामखुर्चीत होता, मोजे काढून पाय स्टुलावर टाकलेले. तो कोर्टात लघुलेखक होता, आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं अक्षर न चुकवता उतरवून घेतली आणि स्वतः एक शब्द बोलला नाही. निवृत्त झाल्यावर घरीही ती सवय सुटली नाही. "झाली का समिती?" त्यानं विचारलं. "झाली," ती म्हणाली. दोघांनीही त्यापुढं काही विचारलं नाही. दिवेलागणीला तिनं भात मऊ शिजवला, भाजी कुस्करली, अंडं उकडलं, ताटात थोडं थोडं वाढलं, कारण जठर काढलेल्या माणसाला थोडं थोडं आणि वरचेवर द्यायचं असतं, आणि समोर बसली. आज हनुवटीखाली हात घ्यायचा नाही असं ठरवून बसली, आणि थोड्याच वेळात हात तिथं होता. त्यानं एक घास घेतला. दुसरा घेतला. भात ताटाच्या कडेला नेऊन ठेवला, अंड्याचे तुकडे केले, तुकड्यांचे तुकडे केले, आणि ताट सरकवलं.

"दुपारी काय खाल्लंस?" तिनं विचारलं.

"तू ठेवून गेलीस ते. थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"थोडंसं म्हणजे थोडंसं."

"आणि त्या काचेच्या खाणावळीत?"

तो दचकला नाही. चष्मा काढून त्यानं शर्टाच्या टोकानं पुसला. "दिसलो का?" तो म्हणाला.

"कधीपासून चाललंय हे?"

"टाके निघाले तेव्हापासून. रोज नाही. म्हणजे बहुतेक रोज."

"आणि मी रोज दुधात कालवून देते ती प्रथिनांची पावडर?"

"बेसिनमध्ये."

"लाज नाही वाटत तुला?"

"वाटते ना," तो म्हणाला. "इथं बसलं की वाटते."

ती उठून उभी राहिली. बसून भांडणं तिला जमत नसे. "तोंड आहे ना तुला? मग बोलायचं होतंस!"

"बोललो होतो की. जेवताना बघू नकोस म्हणालो होतो. तू म्हणालीस, मी कुठं बघतेय. आणि बघत होतीस."

"काळजी करत होते मी तुझी!"

"असेल. मी नाही म्हणत नाही. पण घास उचलला की मला घास दिसत नाही, तूच दिसतेस."

"आणि नळी?" तिचा आवाज चिरकला. "परवा भोक पाडणार होते तुझ्या पोटाला! चांगला धडधाकट जेवतोस आणि हो म्हणालास? वेड लागलंय का?"

त्यानं तिचं बोलणं संपू दिलं. समोरच्याचं वाक्य पूर्ण संपल्याशिवाय बोलायचं नाही, ही त्याची कोर्टातली शिस्त होती. "नळी असती तर ताटच नसतं ना," तो म्हणाला. "पिशवी टांगायची, संपली की काढायची. समोर बसायचं कारण नाही. तू तुझ्या कामाला, मी माझ्या. मला वाटलं, बरं होईल दोघांनाही."

"म्हणजे माझ्यासमोर बसून जेवण्यापेक्षा पोटाला भोक बरं?"

"हो," तो म्हणाला.

तो चिडून म्हणाला असता तर तिनं ते उचलून त्याच्याच अंगावर फेकलं असतं. चिडलेल्या माणसांशी कसं वागायचं हे तिला ठाऊक होतं, तिचं अर्धं आयुष्य त्यात गेलं होतं. पण त्यानं ते साक्षीदाराचं नाव सांगावं तसं सांगितलं. ती बोलत सुटली. आख्खं जग मला विचारतं, आजाऱ्याला कसं जेवू घालायचं ते माझ्याकडून शिकतं, लोक माझ्या दारात रांगा लावतात, आणि घरातला हा माणूस माझी पावडर मोरीत ओततो. "जगाला तुझ्यासमोर बसून जेवावं लागत नाही," तो मध्येच म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं तिला मध्येच तोडलं ते पहिल्यांदा. ती म्हणाली, "ठीक आहे. सोमवारचं रद्द करते मी."

"नको करूस. मला चालेल."

"तुला चालतं रे सगळं! मला नाही चालत. एक काम कर. जेव. इथं, आत्ता, माझ्यासमोर. तिथं जेवत होतास तसं जेवून दाखव, म्हणजे फोन करते."

हे बोलल्यावर ती परत खुर्चीवर बसली आणि ताट तिनं त्याच्याकडे सरकवलं. त्यानं ताटाकडे पाहिलं. चमच्यात भात घेतला, तोंडात घातला, चावला, आणि मग काहीच झालं नाही. चावून झालं, तरी घास तिथंच. त्याच्या मानेवरच्या शिरा ताठ झाल्या, कंठ वर चढायचा तो चढेना, डोळ्यांत पाणी आलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. असे घसे तिनं आयुष्यात पुष्कळ पाहिले होते; ढोंग कुठलं आणि खरं कुठलं हे तिला अंधारातही सांगता आलं असतं. हे ढोंग नव्हतं. हा घसा खरोखर बंद होता, दुपारी उघडा होता तोच, आणि मधे बदललं होतं ते एवढंच, की समोर ती होती. तिला हे दिसलं. बाकी सगळं तिनं झटकलं असतं, नणंद, तो बुटका, मुलगी, सगळी माणसं बोलतात आणि बोलणाऱ्यांशी भांडता येतं. पण कंठाशी ती कशी भांडणार होती? त्यानं रुमाल तोंडाशी धरला आणि घास त्यात घेतला. "नाही जात," तो म्हणाला, आणि माफी मागितल्यासारखं हसला, आणि ते हसणं तिला डावखुऱ्याच्या हसण्यासारखं दिसलं.

तिला त्याचा द्वेष वाटला. खोटं कशाला सांगायचं, त्या क्षणी तिला दुसरं काही वाटलं नाही. माझ्या नजरेला विष म्हणणारा हा कोण, असं वाटलं. तरीही ती उठली. "मी आत बसते," ती म्हणाली. "तू जेव." ती आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं आणि पलंगाच्या कडेवर बसली. खोलीत बघण्यासारखं काही नव्हतं. एक कपाट, एक आरसा, त्यात एक म्हातारी होत चाललेली बाई ताठ बसलेली. ती कान देऊन ऐकू लागली. बाहेर सामसूम. नाही जेवत, तिच्या मनानं लगेच निकाल दिला. म्हणजे नळी लागणारच, म्हणजे माझंच खरं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं आली, दाराशी थांबली. बोलवायला आला, असं तिला वाटलं. आणि दाराची बाहेरची कडी सरकली.

एवढ्या वर्षांत ती कडी कुणी लावली नव्हती. ती गंजलेली होती, नीट बसेना. त्यानं दोनदा जोर लावून ती बसवली. ती ताडकन उठली आणि दारापाशी गेली. मला कोंडतोस? मला? हात तिनं दारावर मारायला वर उचलला. तेवढ्यात बाहेर पातेल्याचं झाकण वाजलं. मग चमचा ताटाला लागल्याचा बारीक आवाज. तिचा हात वरच राहिला. पुन्हा चमचा. मग वर्तमानपत्राची घडी मोडल्याची खरखर, आणि पुन्हा चमचा, जरा पटपट. तिनं हात खाली घेतला, पलंगावरचा फोन उचलला आणि डावखुऱ्याला लावला.

"सोमवारचं रद्द कर," ती हळू आवाजात म्हणाली.

"का मॅडम? काही बिघडलं का?"

"जेवतोय तो."

"अरे वा! किती खाल्लं?"

तिनं ऐकलं. झाकण पुन्हा वाजलं होतं, पण त्यानं भात घेतला की भाजी, एक पळी की दोन, हे आवाजावरून काही कळेना. कळावं म्हणून ती दाराला कान लावून उभी होती, कपाळ लाकडाला टेकलेलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

आपण चुकीचं ऐकलं असं पलीकडे डावखुऱ्याला वाटलं असावं. "तुम्ही समोरच आहात ना, मॅडम?" त्यानं विचारलं. तिनं फोन बंद केला.

बराच वेळ गेला. नळ सुटला, भांड्यांचा आवाज झाला, नळ बंद झाला. मग पावलं आली आणि कडी निघाली. ती बाहेर आली तेव्हा टेबल पुसलेलं होतं, ताट घासून ओट्यावर पालथं घातलेलं होतं, चमचा त्याच्या शेजारी. कुठं एक शीत पडलेलं नव्हतं. नुसतं पातेलं तेवढं झाकून टेबलावर होतं. तिचा हात आपसूक झाकणाकडे गेला.

"उघडू नकोस," तो म्हणाला. "आणि उद्यापण आत बस."